नव्या घरी आलेलं तट्टू: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. तो उठला की पुढचे दोन महिने माझा फोन वाजत राहतो. कुणी होटगी रोडच्या शेतावर नातवासाठी तट्टू आणलेलं असतं, कुणी सांगोल्याकडच्या धनगरवाड्यावरून घोडी घेतलेली असते, कुणाला वरातीसाठी पांढरं जनावर हवं असतं आणि ते हाती आल्यावर झोप उडालेली असते. माझे आजोबा सोलापुरात टांगा चालवायचे. घोडं मी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि आज मंगळवेढा रोडच्या आमच्या मळ्यात तीन तट्टं आहेत. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पहिल्या महिन्यात तट्टू जसं वागतं तो त्याचा स्वभाव नसतो. घर, सोबत, पाणी, आवाज, माणसं, सगळं एका दिवसात सुटल्यावर जे होतं ते तुम्हाला दिसत असतं.

व्यवहार ठरला. आणण्याआधी मालकाला काय विचारून घेऊ?

पैसे मोजून झाले की सगळे उठतात. खरं बोलणं तिथून पुढे व्हायला हवं. आणखी एक चहा सांगा आणि वही काढा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किती वाजता देता, कशाची देता? पाणी विहिरीचं की बोअरचं? नुसत्या मोरखीवर, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्यावर, बांधता की अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायच्या दोऱ्या, लावता? शेवटची नाल कधी मारली, जंताचं औषध कधी पाजलं, धनुर्वाताची लस झाली आहे का? कशाला बुजतं? कुठल्या बाजूने बसता?

आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? हा प्रश्न ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात. पण आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. तिकडच्या इंडीकडून आणलेली एक घोडी आमच्याकडे होती. आठ दिवस आम्ही 'थांब', 'हो', 'ठैर' सगळं करून पाहिलं, ती आपली चालतच राहायची. शेजारच्या मळ्यातल्या कानडी आजी बांधावरून बघत होत्या. त्या सहज कानडीत म्हणाल्या, 'निल्लु!', म्हणजे थांब. घोडी जागच्या जागी उभी. कान त्यांच्याकडे वळलेले, नाकपुड्या हलताहेत, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मान सैल सोडलेली. आम्हाला हट्टी वाटणाऱ्या त्या जनावराला आमची भाषाच कळत नव्हती.

निघताना जुन्या घरची आठवडाभराची वैरण, एक कॅन पाणी, त्याचं दावं, मोरखी आणि झूल मागून घ्या. नवी, रंगीत मोरखी नंतर घाला. जुन्या दाव्याला त्याच्या घराचा वास असतो.

टेम्पोतून आणताना काय काळजी घ्यायची?

उन्हात आणू नका, पहाटे निघा. खाली वाळू किंवा भुस्सा घाला, नुसत्या पत्र्यावर नाल घसरते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान इतकी वर, इतकी आखूड बांधू नका की त्याला ती खाली घालता येणार नाही. मान खाली गेली की नाकातली धूळ आणि चिकटा बाहेर पडतो. तासन्‌तास मान वर ताणून आणलेल्या घोड्याला दोन-तीन दिवसांनी ताप येतो, छाती भरते. प्रवासानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस हे बरोबर आहे. त्यावर गेला तर डॉक्टरांना बोलवा.

पहिल्या दिवशी काय करायचं?

जवळजवळ काहीच नाही. ओवाळायचं असेल तर ओवाळा, कुंकू लावा, ती आपली रीत आहे. पण ताट लांबून फिरवा, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्याच दिवशी बोलावू नका. पाणी ठेवा, जुनी वैरण ठेवा, आणि दोरी हातात धरून त्याला कुंपणाच्या कडेकडेने एक फेरी मारा, म्हणजे हद्द कुठे आहे ते कळेल. मग सोडा आणि बाजूला बसा. काही लोक पहिल्याच दिवशी आंघोळ घालतात, आयाळ कापतात, नाल बदलतात. जनावराच्या बाजूने बघा: कालपर्यंतचं सगळं गेलं, आणि आज अनोळखी माणूस पाय धरून उचलतोय.

पाणी पीत नाही, वैरणीला तोंड लावत नाही. दुसरा दिवस आहे.

वैरणीपेक्षा पाण्याची चिंता जास्त करा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी पाजलं जातं, आणि आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं. नदीकाठचं किंवा ओढ्याचं पाणी पिऊन वाढलेलं तट्टू हुंगतं आणि तोंड फिरवतं. जुन्या घरचं पाणी आणलं असेल तर ते थोडं थोडं मिसळा. नसेल तर बादलीत गुळाचा एक लहान खडा विरघळवा आणि चार-पाच दिवसांत तो कमी करत न्या. बादलीही बघा. साबणाचा किंवा फिनेलचा वास असलेल्या बादलीत काहीही ओता, ते पिणार नाही. साधारण 200 किलोच्या तट्टाला दिवसाला 10 ते 15 लिटर पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पटही जातं.

पाणी कमी पडलं आणि कोरडा कडबा पोटात गेला की गच्च बसतो. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. म्हणून चोवीस तासांत पाणी अजिबात प्यायलं नाही किंवा लीद पडली नाही, तर वाट बघू नका.

रात्रभर खिंकाळतं, खुंट्याभोवती फिरतं, दावं तोडतं. झोपू देत नाही.

ते एकटं आहे. इतकंच कारण बहुतेक वेळा असतं.

घोडं कळपात जगणारं जनावर आहे. रानात एकटं पडलेलं घोडं वाघरांचं भक्ष्य होतं, आणि ती भीती हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही गेलेली नाही. आपल्याकडे येणारी बरीच तट्टं भीमथडी रक्ताची असतात. भीमेच्या खोऱ्यातली ही जुनी जात, अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ही तट्टं धनगरांच्या वाड्याबरोबर चालत आलेली असतात. पाठीवर बिऱ्हाड, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, पुढे-मागे दोनशे मेंढरं, कुत्री, पोरंबाळं. रात्री उघड्यावर, सगळे अंगाला अंग लावून. अशा तट्टाला तुम्ही चार भिंतींत, वर पत्रा टाकून, कडी लावून ठेवलंत, तर ती त्याच्या लेखी कोठडी आहे.

आमची मैना अशीच आली. पहिल्या रात्री तिने खुंटा उपटला. सकाळी आम्ही घाबरून सगळीकडे शोधलं, तर शेजारच्या मळ्यातल्या शेळ्यांच्या गोठ्याबाहेर उभी. बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीला तिने गाल टेकला होता, आणि पलीकडून एक शेळी तिच्या नाकाला नाक लावून उभी होती. त्या संध्याकाळी आम्ही एक शेळी विकत आणली. त्या रात्रीपासून खिंकाळणं निम्म्यावर आलं आणि पाच दिवसांत थांबलं.

दुसरं तट्टू परवडत नसेल तर शेळी किंवा मेंढी आणा. तेही जमत नसेल तर निदान म्हशी-बैल दिसतील अशा जागी बांधा, तोंड भिंतीकडे नको. पहिले आठ दिवस कुणीतरी गोठ्याजवळ खाट टाकून झोपलं तर फार फरक पडतो. शहाणे मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारी माणसं, हे न सांगता करतात.

बाजारात अगदी गरीब होतं, लहान मूल पोटाखालून जात होतं. इथे चावतं, लाथा झाडतं. आम्हाला फसवलं का?

फसवणूक होतेच नाही असं मी म्हणणार नाही. पण फोन करणाऱ्या दहाजणांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत कारण वेगळं निघतं.

पहिलं म्हणजे बाजारातलं तट्टू दमलेलं असतं. दोन-तीन दिवस गर्दीत उभं, झोप नाही, पोटाला बेताचं. दमलेलं जनावर गरीब दिसतं. तुमच्याकडे चार दिवस विश्रांती आणि पोटभर चंदी मिळाली की त्याच्यात जीव येतो, आणि मग जे दिसतं ते पाहून लोक दचकतात.

दुसरं कारण चंदी. जुन्या घरी ते दिवसभर चरत होतं, अधूनमधून काम करत होतं. इथे प्रेमाने सकाळ-संध्याकाळ किलोभर हरभरा मिळतो आणि दिवसभर एकाच जागी बांधलेलं असतं. अंगातली रग जाणार कुठे? लाथेतून जाते. चंदी निम्मी करा, वैरण वाढवा, रोज तासभर हिंडवा आणि आठवड्याने बघा.

तिसरं कारण दुखणं, आणि हे सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं. खोगीर टाकताना चावायला येतं? पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या, कुठे कातडी थरथरते ते बघा. जुनं खोगीर एकाच जागी बसून आत गाठ झालेली असते, वरून केस नीट दिसतात. लगाम घालताना मान वर करतं? दाढा बघून घ्या. झिजून कडा धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. मागचा पाय उचलू देत नाही? कदाचित तो पाय उचलला की दुसऱ्यावर भार पेलवत नसेल. आमच्याकडे आणलेलं एक तट्टू 'चावरं' म्हणून तीन घरं फिरलं होतं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काटेरी लगामाची जुनी जखम होती, बोट लावलं तर पू आला. जखम भरायला महिना लागला. त्यानंतर त्याने कुणाला चावल्याचं मला आठवत नाही. काटेरी लगाम वापरायला ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी बंदी आहे. तुमच्या तट्टाबरोबर तसा लगाम आला असेल तर तो मोडीत घाला.

आणि चौथं: आपण त्याच्याजवळ कसे जातो. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. बरोबर मागचं आणि अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही. मागून येऊन पुठ्ठ्यावर थाप मारली तर जुन्या घरचं ओळखीचं तट्टूही लाथ झाडेल. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. पहिला हात मानेच्या बुडाला, खांद्याच्या वरच्या भागावर ठेवा. तिथेच घोडी एकमेकांना खाजवतात. तोंडावर थोपटणं आपल्याला आवडतं, त्यांना नाही.

कान सपाट मागे पडले, शेपूट आवळली, मागचा पाय टेकवून हलका केला, तर तिथेच थांबा. चावण्याआधी त्याने तुम्हाला सांगितलेलं असतं.

दोन फटके दिल्याशिवाय जनावर ऐकत नाही असं आमचे काका म्हणतात.

काकांचा मान राखून सांगते, फटक्याने ते फक्त एवढंच शिकतं की या माणसाजवळ दुखतं. नव्या घरात त्याचा कुणावरच विश्वास बसलेला नाही, तिथे पहिली ओळख माराची झाली तर ती पुसायला वर्ष जातं. आजोबांच्या टांग्याला चाबूक होता. तो हवेत वाजायचा. घोड्याच्या अंगाला तो लागलेला मी कधी पाहिला नाही.

याचा अर्थ लाड करा असा नाही. नियम पहिल्या दिवसापासून हवेत, तेच हवेत, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच पाळायला हवेत. अंगावर रेलू द्यायचं नाही. चंदीचं घमेलं येताना दोन पावलं मागे सरकायचं, मग घमेलं खाली. खिसे हुंगू द्यायचे नाहीत. एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने हसायचं असं चाललं की तट्टू बिघडतं.

चालता चालता अडतं. पुढेही जात नाही, मागेही नाही.

अडेल तट्टू हा शब्द आपण माणसांनाही लावतो, पण तट्टू उगाच अडत नाही. त्याला पुढे काहीतरी दिसलेलं किंवा ऐकू आलेलं असतं, किंवा काहीतरी दुखत असतं.

लोक समोर उभे राहून, डोळ्यांत डोळे घालून दोरी ओढतात. समोरून ओढलं की घोडं मागे रेटतं, आणि दोनशे किलोपुढे तुमचं काही चालणार नाही. त्याच्या खांद्याजवळ उभे राहा, तोंड तुमचंही पुढेच. दोरी हलकेच ताणा आणि तशीच धरा, हिसका नको. अर्धं पाऊल जरी पडलं तरी त्या क्षणी दोरी सैल सोडा. शिकवण त्या सैल सोडण्यात आहे. ओढ सुटली म्हणजे आपण बरोबर केलं, हे त्याला कळतं. सरळ येत नसेल तर जरा बाजूला वळवा. एक पाय आडवा टाकला की अडलेलं अंग मोकळं होतं. मग उभे राहा, श्वास घेऊ द्या, पुन्हा. पहिल्या वेळी शंभर फुटांना अर्धा तास लागला तरी लागू द्या, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा.

डीजे, फटाके, ट्रॅक्टर, सगळ्याला बुजतं. वारीतले घोडे एवढ्या गर्दीत शांत कसे?

माउलींच्या पालखीचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि मग पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालतात. वाखरीच्या रिंगणात ते टाळ-मृदंगाच्या गजरात धावतात. पण त्यांना तो गजर, ती माणसं, तो रस्ता सरावाचा आहे, आणि एका अश्वाबरोबर दुसरा असतो. तुमच्या तट्टाला आठ दिवस झाले आहेत.

ते कुठून आलं ते बघा. पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटीत वाढलेलं जनावर सोलापूरच्या आवाजाला काही म्हणत नाही, उलट शांत मळ्यात कावरंबावरं होतं. माळरानावरून आलेल्याला साधं शटर ओढल्याचा आवाजही पुरे. सराव लांबून करा. ज्या अंतरावर तट्टू कान टवकारतं पण चरणं थांबवत नाही, तिथे उभे राहा. रोज थोडं जवळ. प्लास्टिकची पिशवी, छत्री, ताडपत्री, मोटारसायकल, एकेक दिवस एकेक वस्तू. हुंगू द्या. दुसरं रुळलेलं तट्टू पुढे असेल तर महिन्याचं काम आठवड्यात होतं, कारण ते पुढच्याचे कान बघून ठरवतं.

शहराजवळ राहणाऱ्यांनी जानेवारीचं मात्र आधीच ठरवावं. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्याचा आवाज लांबवर जातो. पहिल्या वर्षी त्या रात्री आत घ्या, पुढ्यात भरपूर वैरण टाका, सोबतीला शेळी आणि ओळखीचं माणूस ठेवा. आखूड दाव्याने उघड्यावर बांधलेलं तट्टू अशा रात्री स्वतःचा पाय मोडून घेऊ शकतं. गणपती, दिवाळी, जयंतीच्या मिरवणुका यांनाही हेच.

वरातीसाठी आणलं असेल तर निदान तीन महिने त्याला बॅंडपुढे उभं करू नका. अंगावर नवरदेव आणि भोवती नाचणारी माणसं असताना ते उधळलं, तर दोष कुणाला द्यायचा?

चंदी-वैरण काय आणि किती?

जे जुन्या घरी होतं तेच, पहिला आठवडा. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू नव्यावर आणा. घोड्याच्या आतड्यातले जंतू ठरावीक वैरणीला सरावलेले असतात. वैरण एकदम बदलली की ते मरतात, पोटात वायू धरतो आणि पोटशूळ उठतो.

वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडी वैरण हा हिशेब. 200 किलोच्या तट्टाला तीन ते चार किलो. ती दोनदा ढीग घालून न देता चार-पाच वेळा द्या. घोड्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं, चघळायला काही नसलं की जठराला व्रण पडतात आणि तट्टू लाकूड कुरतडायला लागतं. वाळलेलं गवत, मारवेल, हरळी उत्तम. आपल्याकडे ज्वारीचा कडबा मुबलक, तोही चालतो, पण कुट्टी करून आणि गवताबरोबर. बुरशी आलेली पेंढी गायीपुढेही टाकू नका, तट्टापुढे तर नाहीच. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. तिच्यात सायनाइडचं विष असतं, शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. उसाच्या हंगामात वाढे फुकट मिळतात म्हणून रोज तेच टाकलं जातं. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. कधीतरी मूठभर ठीक, पोट भरायला नको.

दाण्याचं सांगायचं तर काम न करणाऱ्या तट्टाला दाणा लागतच नाही. हरभरा द्यायचाच असेल तर भिजवून, दोन-तीन मुठी. ही चूक मी स्वतः केली आहे. मैना हडकुळी दिसत होती म्हणून दुसऱ्याच दिवशी तिच्या तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, दीड किलो हरभरा भरला. रात्री अकराला ती पोटाकडे बघून पाय आपटायला लागली, अंग घामाने ओलं. डॉक्टर येईपर्यंत आणि आल्यानंतरही पहाटेपर्यंत आम्ही तिला मळ्याच्या बांधावरून आळीपाळीने हिंडवलं. वाचली. तट्टांच्या जातीला जास्त दाणा आणि साखर यांनी खुरांनाही सूज येते: खूर गरम लागतो, जनावर पुढचे पाय लांब टाकून मागे भार देऊन उभं राहतं. एकदा ते दुखणं लागलं की जन्माची सोबत.

कोंबड्यांचं खाद्य तट्टाच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला मारक ठरतं. गायीच्या गोळी पेंडीतही ते असू शकतं. खडा मीठ मात्र पुढ्यात कायम ठेवा.

हातावर गूळ-गाजर दिलं तर?

पहिला महिना नको. घमेल्यात टाका. हातातून द्यायला लागलं की हात म्हणजे खाऊ, आणि खाऊ नसेल तर बोट.

नाव बदललं तर चालेल?

चालेल. काही दिवस जुनं आणि नवं जोडून हाक मारा.

नातू कधी बसू शकेल? रोज विचारतोय.

तीन-चार आठवडे थांबवा. तोवर नातवाला खरारा, म्हणजे अंग घासून साफ, करायला शिकवा, पाणी भरू द्या, तुमच्याबरोबर दोरी धरून हिंडू द्या. बसण्याआधी ज्या पोराने महिनाभर खरारा केला, त्याच्याशी तट्टू वेगळं वागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग आधी नुसतं खोगीर घालून फिरवा. मग मोठं माणूस दोरी धरून आणि मूल वर, दहा मिनिटं, कुंपणाच्या आत. डोक्यावर हेल्मेट हवंच, पायात टाचेचा बूट, रिकिबीत पाय अडकणार नाही असा. खोगिरासकट वजन तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा, म्हणजे 200 किलोला 40. मामा, काका, फोटोसाठी बसणारे पाहुणे, सगळ्यांना नाही म्हणा. ओझ्याच्या तट्टावरही 70 किलोच्या वर लादू नये असं तेच 1965 चे नियम सांगतात. आणि तीन वर्षांखालच्या तट्टावर बसूच नका, त्याची हाडं अजून भरायची असतात.

घरी आधीची घोडी आहेत. लगेच एकत्र सोडू?

नाही. तीन आठवडे वेगळं, पण एकमेकांना दिसतील असं. बादली, तोबरा, खरारा, लगाम सगळं वेगळं. नाकातून पू, अंगावर गाठी, मानेखाली सूज असं काही दिसलं तर डॉक्टरांना बोलवा. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, आणि त्याची माहिती सरकारी पशुवैद्यकीय विभागाला द्यावीच लागते. अधूनमधून ताप, पोटाखाली सूज आणि खाऊनही वाळत जाणं हे सर्रा रोगाचं लक्षण असू शकतं. तो गोमाश्यांमुळे पसरतो आणि रक्त तपासल्यावर कळतो.

तीन आठवड्यांनी कुंपणापलीकडून हुंगू द्या. थोडं किंचाळणं, पुढचा पाय आपटणं होईल. मग मोकळ्या जागेत सोडा, वैरणीचे ढीग जितकी घोडी त्याहून एक जास्त, लांब लांब. पहिले दोन दिवस समोर राहा.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

पोटाकडे वळून बघणं, जमीन उकरणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम, लीद बंद. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर लगेच. जबड्याखालची नाडी मोजायला शिकून घ्या: आरामात असताना मिनिटाला साधारण 30 ते 45. साठीच्या वर गेली की सकाळची वाट बघू नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा फुकट क्रमांक आहे. 'नवीन आहे, रुळेल' म्हणून दुखणं अंगावर काढू नका. रुसलेलं तट्टू कोपऱ्यात उभं राहतं पण वैरण संपवतं. आजारी तट्टू संपवत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये आणलं तर?

शक्यतो आणू नका. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात नवं घर म्हणजे दुहेरी ताण. आणलंच असेल तर लिंबाखाली बांधा. पत्र्याचं शेड असेल तर पत्र्यावर कडब्याचा थर टाका आणि एक बाजू पूर्ण उघडी ठेवा. फिरवणं पहाटे. दुपारच्या डांबरावर नेऊ नका.

रुळलं हे कसं ओळखायचं?

घोडं उभ्या उभ्या डुलकी घेतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जिथे भीती आहे तिथे ते आडवं होत नाही. काही तट्टं नव्या जागी कित्येक दिवस बसत नाहीत. म्हणून सकाळी गेल्यावर मी आधी अंग बघते. कुशीला भुस्सा किंवा माती चिकटलेली असली, तर रात्री ते पडून झोपलं.

मैनेला सतरा दिवस लागले. अठराव्या पहाटे मी कंदील न घेता गेले. ती पूर्ण आडवी, मान मातीत टेकलेली, खालचा ओठ लोंबलेला, स्वप्नात पुढचा पाय हलत होता, आणि शेळी तिच्या पाठीला टेकून रवंथ करत होती. मी तशीच मागे फिरले.

बाकीच्या खुणा लहान आहेत: तुमची चाहूल लागल्यावर मान खालीच ठेवून फक्त कान वळवणं, खरारा करताना जांभई, वाऱ्याला पाठ करून निवांत चघळणं.

तीन महिने झाले, सगळं केलं, तरी जमत नाही.

मग आधी डॉक्टरांकडून दात, पाठ, खूर आणि डोळे पुन्हा तपासून घ्या. सगळं ठीक निघालं आणि तरीही घरातलं माणूस त्याला भीत असेल, तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. यात लाज नाही. काही तट्टं मोकळ्या रानाची असतात, काही कामाची, काहींना लहान मुलं सोसत नाहीत. बाजारात उभं करू नका. ओळखीतून, घर बघून द्या, आणि घेणाऱ्याला खोडी लपवू नका. तुमच्या वहीतलं पान फाडून त्याच्या हातात द्या: चंदीची वेळ, पाण्याची सवय, कशाला बुजतं, कुठे खाजवलेलं आवडतं, आणि कुठल्या शब्दाला थांबतं.